तोंड न दाखवता माहितीपट: मेक्सिकोच्या तातियाना वेसोकडून नेमकं काय घ्यावं?

बालाघाटी, अंबाजोगाई

केज-धारूर भागातल्या ऊसतोड बायकांवर चाळीसेक मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. हाताशी चौघंजण, सोनीचा एक कॅमेरा, ३५ आणि ५० च्या लेन्स, झूमचा रेकॉर्डर आणि दोन कॉलर माईक. सहा बायका बोलायला तयार आहेत. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, मुकादमाचा हिशोब, कोपीतली म्हणजे फडावरच्या झोपडीतली बाळंतपणं, गर्भपिशवीची ऑपरेशनं, सगळ्यावर मोकळं बोलतात. अट एकच, तोंड दिसायला नको. मुकादम जवळपासचाच, पुढच्या हंगामाची उचलही त्याच्याकडूनच घ्यायची. अट रास्तच आहे.

पाठमोरी बाई, भिंतीवरची सावली, चौकोन-चौकोन केलेला चेहरा, यातलं काहीही नको आहे. टीव्हीवर तसं दाखवलं की बोलणारी बाईच आरोपी वाटते.

कुणीतरी सुचवलं की मेक्सिकोच्या तातियाना हुएझो या दिग्दर्शिकेचं काम बघा, तिनं एका बाईची अख्खी कहाणी तिचा चेहरा न दाखवता सांगितली आहे. शोधलं तर पुरस्कारांच्या याद्याच मिळतात. तर विचारायचं ते असं: तिचे चित्रपट कुठल्या क्रमानं बघावेत? आवाज आणि चित्र वेगवेगळं घ्यायची पद्धत प्रत्यक्षात कशी चालते? चेहरा काढला की बाई सुरक्षित झाली असं धरावं का? आणि कंपनीच्या दावणीला न बांधता असली माणसं पैसा कुठून उभा करतात?

जुनी_टाकीज, छत्रपती संभाजीनगर

आधी नाव दुरुस्त करा, कार्यक्रमपत्रिकेवर तसंच छापलं जाईल. स्पॅनिशमधला सुरुवातीचा ह मुका असतो आणि मेक्सिकोत झेडचा उच्चार स होतो. आडनाव 'वेसो'.

जन्म १९७२, सान साल्वादोर, म्हणजे एल साल्वादोर देशाची राजधानी. घरचे लोक ती लहान असतानाच मेक्सिकोला आले, वाढली आणि शिकली तिथंच. मेक्सिको सिटीत १९७५ साली सुरू झालेली सीसीसी नावाची सरकारी चित्रपटशाळा आहे, तिथून ती बाहेर पडली. पुढे बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात माहितीपटाचं शिक्षण. लघुपट १९९७ पासून करत होती, पण पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला २०११ ला. म्हणजे चाळिशी गाठता गाठता. त्यानंतरचे तीन २०१६, २०२१ आणि २०२३ चे. पूर्ण लांबीची कारकीर्द एवढीच, चार चित्रपटांची. पण चारही वेळा तिनं पद्धत बदलली आहे, तुमच्या कामाचं ते आहे.

सुरुवात 'तेम्पेस्ताद'नं करू नका, जरी सगळे तोच सुचवत असले तरी. आधी २०११ चा 'एल लुगार मास पेकेन्यो' बघा. नावाचा अर्थ सर्वांत लहान जागा. सिनकेरा नावाचं साल्वादोरमधलं गाव, तिच्या आजीचं. १९८० ते १९९२ च्या यादवी युद्धात लष्करानं ते पार उद्ध्वस्त केलं. लोक रानात पळाले, नंतर परतून त्याच मातीवर पुन्हा घरं उभी केली. या चित्रपटात चेहरे दिसतात, अगदी जवळून दिसतात. पण एकही माणूस कॅमेऱ्याकडे बघून बोलत नाही. मुलाखती नुसत्या आवाजाच्या घेतल्या, आणि पडद्यावर तीच माणसं रोजची कामं करताना दिसतात. कोंबडीला दाणे टाकणारी म्हातारी दिसते, तिचाच आवाज मेलेल्या लेकीबद्दल बोलत असतो. ओठ आणि शब्द यांची गाठ सोडली की काय होतं, ते इथं सर्वांत स्वच्छ दिसतं.

मग 'तेम्पेस्ताद', म्हणजे वादळ. यात दोन बाया. मिरियम कानकूनच्या विमानतळावर नोकरी करायची. मानवी तस्करीच्या खोट्या आरोपात तिला उचललं आणि दुसऱ्या टोकाला, अमेरिकेच्या सीमेवरच्या मातामोरोसच्या तुरुंगात टाकलं. तो तुरुंग सरकारचा नावापुरता, आत सत्ता टोळीची, जगायचं तर टोळीला पैसे द्यायचे. दुसऱ्यांच्या गुन्ह्याची भरपाई करायला असं कुणालाही आत घालतात, तिकडे त्यांना 'पागादोर' म्हणतात, भरणारा. मिरियम सुटते आणि बसनं घरी निघते, साधारण दोन हजार किलोमीटर. चित्रपटभर तिचा आवाज ऐकू येतो आणि दिसतो तो रस्ता: बस, थांबे, नाके, पाऊस, झोपलेले प्रवासी. दुसरी बाई आदेला, सर्कशीत विदूषक. तिची मुलगी बेपत्ता होऊन दहा वर्षांहून जास्त झालेली. आदेला दिसते, तिचं कुटुंब दिसतं, तंबू दिसतो. म्हणजे एकाच चित्रपटात एक बाई नुसता आवाज आणि दुसरी सदेह.

आता मुद्दा. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती चुकीची आहे. 'तेम्पेस्ताद'मध्ये मिरियमला लपवलेलं नाही. नाव आहे, आवाज तिचा स्वतःचा आहे, नोकरी कुठली, तुरुंग कुठला, सगळं आहे. चेहरा काढला तो बघणाऱ्यासाठी: बसमधली कुठलीही बाई मिरियम असू शकते, हे त्याच्या मनात उतरावं म्हणून. ती रचना आहे, संरक्षण नाही. तुमच्या बायकांना संरक्षण पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच युक्तीनं साधतील असं धरून चाललात तर फसाल.

तिसरा बघा २०२३ चा 'एल एको'. पुएब्ला राज्यातलं उंचावरचं खेडं, गावाचं नावच एको. इथं मुलाखत नाही, निवेदन नाही. मेंढरं, थंडी, दुष्काळ, म्हाताऱ्या आजीला अंघोळ घालणारी पोर. वेगवेगळ्या ऋतूंत जाऊन केलेलं चित्रण. बर्लिनच्या महोत्सवात त्याला एन्काउंटर्स विभागात दिग्दर्शनाचा आणि शिवाय माहितीपटाचा पुरस्कार मिळाला.

'नोचे दे फुएगो' (२०२१) शेवटी. काही ठिकाणी त्याला माहितीपट म्हटलंय, तसं नाही, ती कादंबरीवरून केलेली कथा आहे. डोंगरातलं अफूचं गाव, टोळीवाले पोरी उचलून नेतात म्हणून आया पोरींचे केस पोरांसारखे कापतात आणि अंगणात लपायला खड्डा खणून ठेवतात. पोरी अभिनेत्री नव्हत्या, निवडून बरेच दिवस तालीम घेतली. कान चित्रपट महोत्सवात विशेष उल्लेख झाला, ऑस्करच्या परदेशी चित्रपटांच्या निवडक पंधरांच्या यादीत आला. तुम्हाला त्यातलं एवढंच उपयोगी: मायलेकी अंधारात बसून आवाज ओळखतात, कुठला जवळचा, कुठला लांबचा. दिग्दर्शिकेचा अख्खा स्वभाव त्या एका खेळात आहे.

आवाजघर, लातूर

टाकीजनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. मी फक्त ध्वनीचं लिहितो.

पहिली गोष्ट: सहा बाया चाळीस मिनिटांत मावणार नाहीत. चेहरा असता तर मावल्या असत्या. चेहरा नसला की बघणाऱ्याला आवाजावरून माणूस ओळखावं लागतं, आणि एकाच तालुक्यातल्या, एकाच वयाच्या, एकाच बोलीतल्या सहा बायांचे आवाज तिसऱ्या मिनिटाला एकमेकींत मिसळतात. वेसोनं १०५ मिनिटांत दोनच घेतल्या, त्यातही एक डोळ्यांना दिसते. तुम्ही दोन घ्या, फार तर तीन. तिसरी घ्यायचीच तर वयानं लांबची घ्या, साठीतली. बाकीच्यांशी बोला जरूर, त्यातून कुठले प्रश्न विचारायचे ते कळेल.

रेकॉर्डिंग पावसाळ्यात, बाया गावात असताना. फडावर नको. तिथं पहाटेपासून तोड, मग मोळ्या, मग गाडी भरणं, आणि मुकादमाचा माणूस आसपास. दसऱ्यानंतर टोळ्या निघाल्या की कॅमेरा घेऊन मागं जायचं. म्हणजे आवाज आधी, चित्र नंतर, हा क्रम तुम्हाला हंगामच लावून देतोय.

बहुतेक घरं पत्र्याची. पत्रा दोन प्रकारे मारतो: रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, आणि पावसाची सर आली की सगळं संपतं. घुमण्यावर उपाय साधा. बोलणारीच्या पाठीमागं आणि समोर दोन वाकळी दोरीवर टांगा, खाली एक अंथरा. धान्याच्या पोत्यांची थप्पी असली तर तिच्याकडे तोंड करून बसवा, पोती आवाज पितात. पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज बंद केला की गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची, म्हणजे निघताना चालू करायचा विसर पडत नाही. शेजारच्या बोअरची मोटार कधी चालू होते ते आधी विचारा. गावात वेळ बरी ती सकाळी साडेदहा ते एक. गिरणी कधी सुरू होते तेवढं बघा.

कॉलर माईक हनुवटीपासून वीतभर खाली. आपल्याकडे खरा घोळ मंगळसूत्राचा. वाट्या माईकवर आपटतात आणि 'टक्' असा आवाज प्रत्येक श्वासाला येतो, नंतर काढता येत नाही. काढून ठेवा असं सांगू नका, कुणी काढणार नाही आणि सांगणंही बरं नाही. वाट्या पदराच्या आत घ्यायला सांगा आणि माईक ब्लाऊजच्या काठाला बाजूला, दवाखान्यातल्या कागदी चिकटपट्टीनं बसवा. पदर माईकवरून जाऊ देऊ नका. बांगड्यांना एक रुमाल सैल बांधला की झालं. माईक लावायचं काम टीममधल्या बाईनं करायचं. टीममध्ये बाई नसेल तर ती आधी शोधा, पुढच्या सगळ्या बोलण्याला लागणारच आहे.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सर्वांत मोठा आवाज वजा बारा डेसिबलच्या आसपास जाईल एवढीच पातळी. बाई रडायला लागली किंवा हसली की आवाज एकदम चढतो, म्हणून दुसऱ्या ट्रॅकवर तोच आवाज दहा-बारा डेसिबलनं कमी ठेवून घ्या. आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी, सगळे गप्प बसून, एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करा. वाक्यांच्या मध्ये जागा वाढवायची वेळ येते तेव्हा ती रिकामी खोली लागते. ती नसली तर शांततेच्या जागी भोक पडल्यासारखं ऐकू येतं. वेसोच्या चित्रपटांत शांतता कधीच मेलेली नसते, त्यातल्या बऱ्याचशांचं ध्वनिसंयोजन लेना एस्केनासीनं केलंय. हेडफोन लावून ऐका, टीव्हीच्या स्पीकरवर ते कळणार नाही.

विचारायचं कसं? तुमचा आवाज वापरणार नाही, म्हणून 'हो, तसंच' हे उत्तर कामाचं नाही. पूर्ण वाक्यात सांगायला लावा. पहिल्या दिवशी पिशवीचा विषय काढूच नका. घरातून निघताना आधी काय बांधता, ट्रकमध्ये कोण कुठं बसतं, कोपी उभी करायला किती वेळ लागतो, पहिल्या रात्री काय रांधता, असं विचारा. हात, नाक, कान यांना आठवेल असं. उत्तर संपलं की मनात पाच मोजा. महत्त्वाचं वाक्य बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या आकड्याला येतं, आणि तुम्ही घाईनं पुढचा प्रश्न टाकलात तर दोन्ही आवाज एकमेकांवर चढून ते वाया जातं. प्रत्येकीच्या तीन बैठका, दीड-दीड तासाच्या.

मग लिहून काढणं. एका तासाला चार-पाच तास धरा. शेजारी मिनिट-सेकंद टाका, नाहीतर वाक्य शोधताना जीव जातो. चाळीस मिनिटांच्या चित्रपटात बोलणं अठरा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. आपलं बोलणं मिनिटाला सव्वाशे शब्दांच्या आत-बाहेर, म्हणजे सगळा मिळून मजकूर सव्वादोन हजार शब्दांचा. ते कागदावर पक्कं झाल्याशिवाय चित्रणाला जाऊ नका. नाहीतर फडावरून चारशे क्लिप आणाल आणि त्यावर काय बोलायचं ते शोधत बसाल, आपल्याकडचे निम्मे माहितीपट तिथंच रखडतात.

बालाघाटी, अंबाजोगाई

मोठे आभार. सहाच्या दोन करायच्या म्हणल्यावर पोटात गोळा आला, पण पटलं. चित्रणाचं कुणी सांगेल का? आणि टाकीज सर, संरक्षणाचं म्हणालात ते अर्ध्यावर सोडलंत.

एसटीची_खिडकी, नांदेड

चित्रणाचं सांगते. 'तेम्पेस्ताद' आणि 'एल एको' दोन्हीचा छायालेखक एर्नेस्तो पार्दो. 'नोचे दे फुएगो' मात्र दारिएला लुदलोव या बाईनं केला. पार्दोचं काम बघताना एक गोष्ट मोजा: आवाज जे सांगतो ते त्याच क्षणी पडद्यावर किती वेळा दिसतं? जवळजवळ कधीच नाही. तुरुंगाबद्दल ऐकू येतं तेव्हा दिसतात प्रवासी, नाक्यावरची झडती, काचेवरचं पाणी.

तुम्हीही तोच नियम पाळा. आवाजात मोळीचं ओझं आलं की पडद्यावर मोळी नको. कोपीसमोरची रिकामी चूल, भिजलेलं पाचट, पहाटे धारेला लावलेला कोयता चालेल. ज्याचा आवाजाशी संबंध बघणाऱ्यानं जोडायचा आहे, ते. पण अगदीच असंबद्ध, सूर्यास्त आणि बगळे, हेही नको. आपल्याकडे माहितीपटात बगळे फार उडतात.

प्रवास घ्याच. गाव ते फड हा रस्ताच तुमचा कणा आहे, मिरियमच्या बससारखा. फरक एवढाच की ती घरी चालली होती, तुमच्या बाया घरातून निघाल्यात. ट्रकच्या हौद्यात भांडी, शेळी, पोरं, पाण्याचा ड्रम, ते सगळं एकाच रात्री मिळतं, पुन्हा मिळत नाही. त्यासाठी दोन रात्री आधी जाऊन उजेड कुठून येतो ते बघून ठेवा. चालत्या गाडीत कॅमेरा गाडीच्या पत्र्याला किंवा काचेला टेकवायचा नाही. इंजिनाची थरथर चढते आणि सरळ रेषा जेलीसारख्या हलतात, संगणकावर ते नीट होत नाही. दोन किलो ज्वारीची कापडी पिशवी शिवा, अर्धी-पाऊण भरलेली, मांडीवर ठेवा, तिच्यावर कॅमेरा. थरथर धान्य खातं. मोठ्या दुकानातल्या बीनबॅगपेक्षा कणभरही कमी नाही.

फ्रेम सेकंदाला २५, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची, वेगळं ठेवलं तर धाब्यावरच्या ट्यूबलाइट फडफडतात. काचेतून घेताना पोलरायझर लावला तर प्रतिबिंब जातं, पण दीड-दोन स्टॉप उजेडही जातो. दिवसा वापरा, संध्याकाळी काढा. खरं तर प्रतिबिंब ठेवलं तर बरंच. फडात लेन्स बदलू नका. पाचटाची कुसं आणि जळक्या उसाची काजळी थेट सेन्सरवर बसते. सकाळी ३५ लावून निघा, दुपारी गाडीत बसून ५० लावा. एसटीत किंवा बसस्थानकात चित्रण करायचं तर महामंडळाची लेखी परवानगी आधी. कंडक्टर 'घ्या की' म्हणाला तरी.

आता वेसोचं जे जसंच्या तसं उचलू नये ते. तिनं आवाजाखाली अनोळखी प्रवाशांचे चेहरे ठेवलेत. दोन हजार किलोमीटरच्या रस्त्यावर ते चालून जातं. केज तालुक्यात चालणार नाही. पिशवीच्या ऑपरेशनबद्दल आवाज चालू आहे आणि पडद्यावर शेजारच्या वस्तीतल्या कुणा बाईचा जवळून चेहरा आला, की गावात तीच 'ती बाई' ठरणार. तिची सही घेतली असली तरी. अशा आवाजाखाली माणूस ठेवायचाच नाही, किंवा इतकी गर्दी ठेवायची की बोट दाखवता येणार नाही.

जुनी_टाकीज, छत्रपती संभाजीनगर

खिडकीताईंनी शेवटी जे सांगितलं तिथूनच पुढे.

बालाघाटी, तुमच्या बायकांना धोका जगाकडून नाही, दहा किलोमीटरच्या परिघातून आहे. आणि त्या परिघात चेहऱ्याइतकाच आवाज ओळखू येतो. एखादीची 'आवं माय' म्हणायची लकब पुरेशी. त्याहून जास्त ओळख तपशिलानं पटते: तीन मुली आणि एक मुलगा, नवरा अमुक साली वारला, कारखान्याचं नाव, ट्रक उलटला ती जागा. म्हणून कागदावर मजकूर पक्का करताना लाल पेन घेऊन बसा आणि गाव, मुकादम, कारखाना, दवाखाना, मुलांची संख्या, साल, सगळं काढा. रेकॉर्डिंगमध्ये ते राहणारच, चित्रपटात येऊ द्यायचं नाही. बीप वाजवून नको. बीप म्हणजे 'इथं नाव होतं' अशी पाटीच. वाक्य त्याच्या आधी कापा.

आवाज यंत्रानं जाड-बारीक करणं हा उपाय नव्हे. नुसता स्वर वरखाली केला असेल तर तो परत फिरवता येतो, आणि ऐकायला बाई कार्टून होते. खरा उपाय एकच: त्या तालुक्याबाहेरच्या, पण मराठवाडी बोली अंगात असलेल्या दुसऱ्या बाईकडून तो मजकूर म्हणून घ्यायचा, आणि सुरुवातीला पाटी लावायची की शब्द त्यांचे, आवाज दुसरीचा.

गोदातीर, पैठण

दुसऱ्या बाईचा आवाज घातलात तर मग वेसोचं उरलं काय? तिच्या चित्रपटाचा जीवच मिरियमच्या आवाजात आहे. थांबणं, अडखळणं, मधेच सुकलेला घसा. नाटकातल्या पोरीनं ते वाचलं की आकाशवाणीची श्रुतिका होईल.

आवाजघर, लातूर

गोदातीर, होईल, जर वाचून घेतलं तर. कागद हातात द्यायचाच नाही. दुसऱ्या बाईला मूळ रेकॉर्डिंग हेडफोनवर लावायचं, एकेक वाक्य ऐकवायचं आणि लगेच म्हणायला लावायचं, थांबण्यासकट. दोन वाक्यांच्या मधला मूळचा श्वास जेवढ्या सेकंदांचा, तेवढाच ठेवायचा. नाटकवाली नकोच, शेतात राबलेली घ्या, नाटकवाल्या शब्द फार स्वच्छ उच्चारतात. अर्ध्या तासाला तिचा घसा बसतो, त्यामुळे एका दिवसात दहा मिनिटांच्या वर पक्का मजकूर मिळत नाही. दोन आवाजांना दोन बाया. आणि हे सगळं त्याच खोलीत, त्याच वाकळीमागं, नाहीतर स्टुडिओचा वास येतो.

सगळ्या मजकुराला हे करायची गरजही नाही. ट्रक, कोपी, स्वयंपाक, पाऊस याबद्दलचा भाग कुणाच्याही जिवावर बेतणारा नाही, तो बाई 'हो' म्हणत असेल तर तिच्याच आवाजात ठेवा. पण मग हिशोबाचा आणि ऑपरेशनचा भाग त्याच पात्राचा आहे असं वाटता कामा नये, नाहीतर एक आवाज दुसऱ्याला उघडा पाडतो. म्हणजे आवाजांची पात्रं नव्यानं बांधावी लागतील. किचकट आहे, पण कागदावर जमतं.

पैसापुराण, परभणी

पैशाचं विचारलंय, कुणी हात लावला नाही म्हणून.

मेक्सिकोत 'स्वतंत्र' म्हणजे सरकारी पैशाविना असा अर्थ होत नाही, उलट आहे. १९८३ पासून इमसिने ही सरकारी चित्रपटसंस्था आहे, तिच्या निधीवर कथापट-माहितीपट उभे राहतात. फोप्रोसिने आणि फिदेसिने हे जुने दोन निधी २०२० ला बंद झाले, त्यांच्या जागी २०२१ ला फोसिने आला. दुसरा रस्ता एफिसिने: एखादी कंपनी भरायच्या प्राप्तिकरातली काही रक्कम चित्रपटाला देते आणि तेवढी करसवलत घेते. वरची मर्यादा कंपनीच्या कराच्या दहा टक्के, आणि एका चित्रपटाला बराच काळ दोन कोटी पेसो. सिमेंटवाला असो की बँक, पैसा कराचाच, म्हणून गोष्टीत नाक खुपसायचं कारण कमी.

वेसोचा पहिला चित्रपट सीसीसीनंच निर्माण केला. शाळाच निर्माती होते, ही तिकडची मोठी सोय. पुढे निकोलास सेलिससारखा निर्माता, आणि 'नोचे दे फुएगो'ला मेक्सिकोसोबत जर्मनी आणि ब्राझीलची भागीदारी. एवढं असूनही दोन चित्रपटांत पाच-पाच वर्षं गेली. मधल्या काळात लघुपट. २०१५ ला 'आउसेन्सियास' केला, बेपत्ता माणसांच्या घरच्यांचा, 'तेम्पेस्ताद'च्या आधीची पायरी म्हणून तो बघण्यासारखा आहे.

पाच वर्षं म्हणजे नशीबच म्हणायचं. मातिल्दे लांदेता, वेसोच्या खूप आधीच्या पिढीतली दिग्दर्शिका, आधी कितीतरी वर्षं सेटवर सलगतेच्या नोंदी ठेवायचं काम केलं, १९४८ ते १९५१ मध्ये तीन चित्रपट केले आणि चौथा पूर्ण लांबीचा करायला चाळीस वर्षं थांबावं लागलं. आरिएल हा तिकडचा राष्ट्रीय पुरस्कार १९४७ पासून देतात, मधली काही वर्षं सोडून. दिग्दर्शनाचा आरिएल पहिल्यांदा बाईला मिळाला तो २०१७ ला, 'तेम्पेस्ताद'साठी, वेसोला.

आपल्याकडे: बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स प्रस्ताव भारतीय भाषांत घेते, मराठीत लिहा, उगं इंग्रजीची ओढाताण नको. परदेशी निधीच्या मागं लागण्याआधी बघा की पैसा कुणाच्या खात्यात येणार. संस्थेच्या खात्यात घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, ती नसताना आलेला पैसा म्हणजे गळ्यातलं लोढणं. प्रस्तावात खर्चाचा तक्ता करताना बायांचे बुडालेले दिवस धरा. रेकॉर्डिंगला बसलेली बाई त्या दिवशी खुरपणीला गेली नाही. ती मजुरी 'मानधन' नावाखाली लपवू नका, दिवसाचा दर लिहा. साक्षीसाठी पैसे दिले असा आक्षेप येतो, त्यावर उत्तर हेच की दर सगळ्यांना सारखा, काय बोलली त्यावर ठरलेला नाही.

आणि वेसोचे चित्रपट मंडळात दाखवणार असाल तर घरच्या नेटफ्लिक्स खात्यावरून प्रोजेक्टर लावू नका, ते जाहीर प्रदर्शन होतं. 'नोचे दे फुएगो' आणि 'एल एको'ची विक्री कोलोनच्या मॅच फॅक्टरीकडे होती. एकदाच, विनातिकीट, किती खुर्च्या, कुठलं सभागृह, कुठल्या भाषेतली उपशीर्षकं, एवढं एका पानात लिहून ईमेल करा आणि शुल्क विचारा. सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेला चित्रपट जाहीर दाखवायला माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते, त्याचा अर्ज वेगळा.

बालाघाटी, अंबाजोगाई

शेवटचं एक. संमती कागदावर घ्यायची का? दोघींना लिहिता येत नाही, आणि अंगठा म्हणलं की त्यांना उचलीचा कागदच आठवतो.

जुनी_टाकीज, छत्रपती संभाजीनगर

मग अंगठा नको. आवाजातच घ्या, आणि तीनदा घ्या. रेकॉर्डिंगच्या आधी: कशासाठी, कुठं दाखवणार, नंतर मोबाईलवर फिरेल हेही सांगून. लिहून काढल्यावर: तिचा निवडलेला मजकूर तिला वाचून दाखवून, नको ते काढून. आणि कच्चा चित्रपट जुळल्यावर, तिच्या घरी, लॅपटॉपवर, आवाजासकट. तिसऱ्या वेळी ती नाही म्हणाली तर तो भाग जातो, हे पहिल्याच दिवशी सांगायचं. ही तिसरी बैठक पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळ्या गावी परतल्यावर ठेवा. पुढची उचल घ्यायच्या आधी. उचल घेतलेली बाई मोकळेपणानं नाही म्हणू शकत नाही, आणि हो म्हणाली तर ते हो कशापायी आलं तेही तुम्हाला कळणार नाही.

मूळ आवाजाच्या फाइलींना बायांची नावं देऊ नका, गावाचंही नको. अ-१, ब-१ असं. कुठली अ, ते फक्त एका वहीत, आणि वही हार्डडिस्कच्या घरात ठेवायची नाही. फडावर टीममधल्या फोनमध्ये काढलेल्या फोटोंना जागेची नोंद आपोआप चिकटते, ती सेटिंग निघण्याआधीच बंद करा.